अक्षरं खाली उतरली

“आंटी, बाबा म्हणतात ही अक्षरं कुणीतरी दोरीला टांगलीत. माझी बहीण असं लिहीत नव्हती म्हणतात. माझी बहीण मेली, तिला निजू द्या म्हणतात.” एवढाच निरोप. लायबेरियातल्या तळ्याकाठच्या एका गावातून आमच्या बिल्डिंगमधल्या मादाम वार्नींच्या भावाच्या, जेबे नावाच्या सुनेने बोलून पाठवलेला, आणि त्यांनी तो मॉन्ट्रियलमधल्या कोत-दे-नेजच्या मेट्रो स्टेशनात, सरकत्या जिन्यावर, फोन माझ्या कानाला लावून ऐकवला. जिना संपला तेव्हा पाऊल उचलायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. अशी धडपडले की मागच्या माणसाने “साव्हा, मादाम?”, ठीक ना, म्हणत माझा दंड धरला. मी “वी, वी” म्हणून मोकळी झाले, पण कसलं साव्हा नि कसलं काय! मादाम वार्नींना त्या निरोपात भावाचा नकार ऐकू आला होता. मला ऐकू आली माझी चूक. ती अक्षरं मी काढली होती. एकूण एक. टांगणारी मीच. आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई, जिचा उजवा हात पक्षाघाताच्या झटक्याने लुळा पडलाय, जिला आत्ताच सख्ख्या भावाने मेलेली म्हणून सांगितलं होतं, ती माझ्या पायाकडे बघून विचारत होती, “वनिता, तुला लागलं नाही ना?”

मी अक्षरं काढते. म्हणजे फोनवर, कम्प्युटरवर जी अक्षरं दिसतात त्यांचे आकार काढते. फॉन्ट म्हणतात त्याला, आणि त्यावर माझं पोट चालतं. नागपूरच्या महाल भागातली बाई मॉन्ट्रियलला बसून आफ्रिकेतल्या वाई लोकांची लिपी काढते हे ऐकून लोक हसतात. ग्वेल्फला शिकणारा माझा मुलगा राजस फोनवर म्हणाला होता, “मॉम, दॅट्स सो रँडम.” मी म्हटलं, रँडम तुझा बाप. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही ते नुसतं कामच वाटलं होतं. ऑफिसने जुन्या हस्तलिखित पत्रांचे फोटो दिले होते. त्यातून एकेक आकार उचलायचा, स्क्रीनवरच्या चौकोनात बसवायचा, पुढचा घ्यायचा. अर्थ माहीत नाही, आवाज माहीत नाही. हिवाळाभर मी त्या अक्षरांबरोबर मुक्याने संसार केला म्हणा ना. मग एक दिवस आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमधल्या लाँड्री रूममध्ये माझ्या कपड्यांच्या टोपलीतून एक कागद खाली घसरला. त्यावर एकच अक्षर मोठं करून छापलेलं होतं, ꕙ. खालच्या मजल्यावरच्या ज्या बाईंना मी वर्षभर फक्त बोंजूर म्हणत आले होते, त्यांनी डाव्या हाताने तो कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, “व.”

ड्रायर गडगडत होता तरी तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. अगं बाई, हे बोलतं! मी ज्याचे काने-कोपरे घासूनपुसून ठेवले, ज्याच्या जाडीवरून ऑफिसात वाद घातले, ते इतके दिवस ‘व’ म्हणत होतं आणि मला पत्ता नाही. मादाम वार्नी बाकावर बसल्या. कागद मांडीवर ठेवून त्यावर तळवा दाबून बसल्या, जसा काही तो उडून जाणार होता. “आमच्या आडनावातलं पहिलं अक्षर,” त्या म्हणाल्या, “मला बोइमाने शिकवलं. वाळूवर. माझं बोट धरून.” त्यांच्या इंग्रजीला एक हेल आहे, शब्दांची शेपटं त्या खाऊन टाकतात, पण ‘बोइमा’ हे नाव मात्र पुरतं, शेवटपर्यंत उच्चारलं त्यांनी. मग मला त्यांनी सगळं सांगितलं, कपडे वाळून गार झाले तरी सांगत राहिल्या. वाई लिपी शाळेत शिकवत नाहीत. मोठा भाऊ धाकटीला शिकवतो, मामा भाच्याला शिकवतो, संध्याकाळी, जेवण व्हायच्या आधी. दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका माणसाला म्हणे ती स्वप्नात दिसली. जागा झाल्यावर बरीचशी विसरला, तेव्हा मित्रांना गोळा करून उरलेली बसून रचली. त्या लिपीतली पत्रं कुणी त्या बाजूला जाणारा असला की त्याच्या हाती द्यायची. लढाई सुरू झाली तेव्हा मादाम वार्नी लेकरांना घेऊन सरहद्दीपलीकडे पळाल्या. तिथून या छावणीतून त्या छावणीत, आणि शेवटी या बर्फात. जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती त्यांनी पत्रं दिली. एकही पोचलं नाही. इकडे बोइमाला कुणी सांगितलं ती सरहद्दीवर मेली, मग कुणी सांगितलं घानात आहे, तो आशेने निघाला, ते खोटं निघालं. पुन्हा कुणी सांगितलं, पुन्हा खोटं. दोनदा तोंडघशी पडल्यावर माणूस काय करेल? त्याने बहिणीचं चाळीसावं घातलं, आपल्याकडे तेरावं घालतात तसं. गावाला जेवण घातलं आणि विषय मिटवला.

आता जेबेने कुठूनशी आंटी शोधून काढली तेव्हा बोइमा ऐंशीच्या पुढे गेला होता आणि ठार बहिरा झाला होता. फोनवर बोलून उपयोग नाही. तिकडचं नेट इतकं मरतुकडं की चेहरा दिसायच्या आत गोठतो, आणि फोटोतला हा झटक्याने वाकडा झालेला म्हातारा चेहरा तो ओळखणार कसा. इंग्रजी त्याला वाचता येत नाही. येतं ते फक्त वाई. आणि मादाम वार्नींचा लिहिता हात गेलेला. त्या मला म्हणाल्या होत्या, “तो मला एकाच रस्त्याने ओळखेल, आणि तो रस्ता माझ्या या हातातून जात होता.” मी त्यांना माझा फॉन्ट दिला. अजून बाजारात यायचा होता, चाचणीचा होता, तरी त्यांच्या फोनवर टाकला आणि जेबेकडे पाठवून बोइमाच्या फोनवर टाकायला सांगितला. डाव्या अंगठ्याने मादाम वार्नींनी एकेक अक्षर दाबलं. ‘बोइमा, मी फातू वार्नी. मी मेले नाही. मी थंडीच्या देशात आहे.’ मला तर असा काही आनंद झाला होता की त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी शिरा केला. आणि आता हा जिना, हा निरोप. माझ्या हाताने एका म्हाताऱ्याची बहीण पुन्हा एकदा मारली.

स्टेशनबाहेर मार्चमधला काळा चिखलबर्फ होता. मादाम वार्नी माझ्या हाताला धरून चालत होत्या. मी विचारलं, “तुम्हाला दिसलं नव्हतं का? अक्षरं टांगलेली आहेत ते?” त्या ओशाळून म्हणाल्या, “दिसलं होतं. मला वाटलं मशीनचा स्वभाव असेल. तू इतकी खूश होतीस.” म्हणजे बघा! माझं मन मोडू नये म्हणून ही बाई गप्प बसली, आणि तिकडे तिचा भाऊ तिला पुरून बसला. मला इतका राग आला, स्वतःचा, तिचा, सगळ्यांचाच, की बूट आपटत मी घरी गेले आणि कोट न काढता तो संदेश कम्प्युटरवर मोठा करून बघितला. चौकोनात एकेकटं बसलेलं असताना प्रत्येक अक्षर देखणं होतं, त्यात खोट नव्हती. पण ओळीत आल्यावर? सगळ्यांचे माथे एका रेषेत, नेमके, जणू वर काही आहे. आणि पाय कुणाचे आखूड, कुणाचे लांब, खाली अधांतरी लोंबकळणारे. रेघ कुठेच काढलेली नव्हती. तरी ती तिथे होती. आंधळ्यालाही दिसली असती. मग जुन्या पत्रांचे फोटो पुन्हा उघडले, महिनोन्‌महिने बघितलेले तेच, आणि त्यात अक्षरं आपापल्या पायांवर उभी होती, एखादं मधेच तरंगत होतं, एखादं जरा खाली बसलं होतं. हे मी रोज बघत होते. बघत होते आणि हात भलतंच काढत होता.

हात कुणाचा, ते मला तिथेच, कोट घालून उभ्या उभ्या कळलं. माझे बाबा बोर्ड रंगवायचे. शरदचंद्र पेंटर, महाल, नागपूर. नवा पत्रा आला की अक्षर काढायच्या आधी दोरी मारायची. खडूच्या भुकटीत घोळलेली दोरी, तिचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. ताणायची. मधोमध चिमटीत धरून बाबा सोडायचे, टण्णकन आवाज व्हायचा आणि पत्र्यावर पांढरी सरळ रेघ. मग त्या रेघेपासून खाली ‘श्री’ यायचा, ‘किराणा’ यायचा, ‘भांडार’ यायचं. “माथा सांभाळ, वनू. पाय कुठे का जाईनात,” हे बाबांचं वाक्य. आपली सगळी मराठी अशीच तर वरून खाली येते, डोक्यावरच्या रेघेला धरून. उन्हात डोळे बारीक करून मी ते टोक घट्ट धरायचे, बोटाला वळ उठायचा, पण सोडायचे नाही. टर्पेंटाइनचा वास यायचा आणि बाबा ब्रश फिरवताना श्वास रोखायचे, म्हणून मीही रोखायचे. पुढे छापील फ्लेक्स आले, बाबांचा धंदा बसला, बाबाही गेले. मी विमानात बसून समुद्र ओलांडला, थंडीला सरावले, फ्रेंच शिकले, पुन्हा नव्याने सही करायला शिकले. आणि ती दोरी बाईसाहेबांनी अजून सोडलेली नाही! बाबा, तुम्ही मारलेली दोरी लायबेरियातल्या म्हाताऱ्याला दिसली हो. मला रडू आलं आणि त्याच वेळी हसू आलं, आणि त्या दोन्हींच्या खाली एक प्रकारची भीतीही होती, म्हणजे देवळात गाभाऱ्यासमोर एकटं उभं राहिल्यावर वाटते तशी. एका माणसाचा हात दुसऱ्याच्या हातात किती खोल जाऊन बसतो. बोइमाने वाळूवर धरलेलं बोट आणि बाबांनी माझ्याकडे दिलेलं टोक, ही दोन्ही माझ्या स्क्रीनवर येऊन भांडली होती.

दुसऱ्या दिवशी आमचा मुख्य, ल्यूक, त्याच्याकडे गेले. म्हटलं, वाईचं सगळं पुन्हा करायचंय, प्रत्येक अक्षर हलवायचंय. तो म्हणाला, हे तर पुढच्या वर्षीच्या कामात आहे. किती लोक वापरतात आत्ता?

“दोन,” मी म्हटलं. “आणि त्यातला एक रुसलाय.”

ल्यूकने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शुक्रवारपर्यंत,” म्हणाला. चांगला माणूस आहे, फक्त आधी नाही म्हणायची सवय आहे. मी मादाम वार्नींना ऑफिसात घेऊन आले. माझ्या शेजारी खुर्ची, त्यांच्यासमोर आल्याचा चहा, आणि स्क्रीनवर एकामागून एक अक्षर. त्या डावा हात टेबलावर आडवा धरायच्या, ती जमीन. “हे बसव. हे अजून खाली. अरे देवा, हे नको इतकं खाली, ते काय झोपलंय का? हं. आता उभं राहिलं.” मी माउसने त्याला उतरवायचे आणि प्रत्येक वेळी मनगटाला झिणझिण्या यायच्या, हात मागे ओढायचा, वर, रेघेकडे. मी त्याला दटावायचे. चालू दे, मेल्या, खाली चल. मादाम वार्नी विचारायच्या, “कुणाशी बोलतेस?” मी म्हणायचे, “माझ्या वडलांशी.” ꕙ आलं तेव्हा त्या सरसावून बसल्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचा नंबर दिसत होता, ए पाच पाच नऊ. हे काय, म्हणाल्या. मी सांगितलं की जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना असा एकेक नंबर दिलेला असतो. फोन अक्षर पाठवतच नाही, फक्त नंबर पाठवतो. समोरचा फोन तो नंबर वाचतो आणि त्याच्याकडे जो आकार असेल तो काढून दाखवतो.

“आणि उद्या कुणी दुसऱ्या अक्षराला हाच नंबर दिला तर?”

“देता येत नाही. नियमच आहे. एकदा दिला की दिला. वापरणारं कुणी उरलं नाही तरी तो काढून घेत नाहीत.”

“कायमचा?”

“कायमचा.”

त्या खुर्चीत मागे टेकल्या. “मला या देशाने राहायचा कायमचा कागद द्यायला किती रडवलं,” त्या म्हणाल्या, “आणि हा ‘व’ बघ. स्वप्नात दिसलेला. न भांडता आत जाऊन बसला.” आम्ही दोघी हसलो, इतक्या की पलीकडच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. हसता हसता मला ते नीट जाणवलं, आणि माझं हसू थांबलं. कुणाला तरी झोपेत दिसलं. त्याने घाबरून, पुसून जायच्या आत, लोकांना सांगितलं. त्या लोकांनी ते वाळूवर, झाडाच्या सालीवर, कागदावर पुढे दिलं, एका हातातून एका हातात. आणि आता पृथ्वीवर जिथे म्हणून फोन आहे तिथे, कुणाच्याही खिशात, कुणाला ठाऊक नसताना, त्याची एक जागा राखून ठेवलेली आहे. नागपूरच्या भाजीवाल्याच्या फोनमध्येसुद्धा ती जागा आहे. रिकामी का असेना, आहे. दुसरं कुणीही तिथे बसू शकत नाही. इतकी वर्षं मी हा धंदा केला, हे नियम मला पाठ होते, आणि ते काय आहेत हे मला त्या खुर्चीत बसून, थंड झालेल्या चहासमोर पहिल्यांदा कळलं. मी तो ‘व’ हळूच खाली उतरवला. जमिनीला टेकला तेव्हा मादाम वार्नींनी टेबलावरचा हात उचलून घेतला.

शुक्रवारी नवा फॉन्ट जेबेकडे गेला. मादाम वार्नी म्हणाल्या, आता तो निरोप परत लिहायला हवा, अंगठा दुखतो पण लिहीन. मी म्हटलं, नको. लिहायचं नाही. त्याच्या फोनमध्ये तुमचा जुना निरोप पडलेला आहे ना, तोच उभा राहील. त्यांना ते पटेना. पाठवून झालेलं पत्र कसं बदलेल? मी ते किती वेळा लोकांना समजावलं असेल, तसंच त्यांनाही सांगितलं. निरोप बदलणार नाही, त्यात नुसते नंबर आहेत, ते जसे होते तसेच आहेत. आकार तेवढे त्याच्या हातातच उतरतील. तुम्ही म्हणालात तेच त्याला दिसेल, तुम्ही म्हणालात तसं दिसेल. “म्हणजे मी खरं तेच लिहिलं होतं,” त्या सावकाश म्हणाल्या, “आधीच.”

शनिवार गेला. रविवारी मी घरातलं प्रत्येक भांडं घासलं, स्वच्छ होतं ते पण घासलं. नंबर गेले असतील, फॉन्ट बसला असेल, तरी म्हाताऱ्याने फोन हातात घ्यायला हवा ना? आणि घेऊन तरी काय, मेलेल्या बहिणीची अक्षरं रात्रीतून जागा बदलून बसली हे बघून त्याने धसकाच घेतला तर? हा विचार आला तेव्हा मी स्क्रबर सिंकमध्ये टाकला आणि तशीच ओल्या हातांनी खाली गेले. मादाम वार्नींचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात भात रटरटत होता, मिरचीचा ठसका उठला होता. त्या टेबलाशी बसल्या होत्या. जेबेचा आवाज येऊन गेला होता, त्यांनी मला ऐकवला. बाबांनी फोन हातात घेतला, म्हणत होती, आणि बघून खाली ठेवला. मग परत घेतला. मागून उघडतो का ते बघितलं. संध्याकाळी मला म्हणाले, दाखव, कसं दाबायचं. अजून दाबतायत.

आम्ही बसलो. भात उतरवला मी, कारण त्यांना सुचतच नव्हतं. खिडकीबाहेर छपरावरचं बर्फ वितळून थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाला मला वाटे, आला. मग खरंच आला. फोन थरथरला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, ओळीवर ओळ, जमिनीवर उभी, एक तरंगणारं, एक बसलेलं. त्यातला एकूण एक आकार माझ्या हातचा होता. प्रत्येकाचा बाक मला ठाऊक, प्रत्येकाची जाडी मला ठाऊक. आणि मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी काढलेल्या अक्षरांतून एक माणूस बोलत होता, माझ्या डोळ्यांसमोर, आणि माझ्या डोक्यावरून. असं इतकं लहान आणि इतकं मोठं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. मी हात जोडले की काय, आठवत नाही. मादाम वार्नींचे ओठ हलत होते. त्या वाचत गेल्या, थांबल्या, परत वर गेल्या, परत वाचलं.

“काय म्हणतो?” मी विचारलं. “मादाम, काय लिहिलंय?”

त्यांनी मग इंग्रजीत सांगितलं, एकेक तुकडा, बोट ओळीवर ठेवून. “फातू. तू जिवंत होतीस तर आईला का नाही कळवलंस. ती रोज दारात बसायची. तुझ्या चाळीसाव्याचा भात मी तिला भरवला. माझ्या हाताने भरवला. ती नको म्हणत होती. ती म्हणत होती, माझी फातू मेली नाही. मी ओरडलो तिच्यावर. आता मी कुणाला सांगू?”

मला वाटलं, यापेक्षा तो न ओळखता तर बरं होतं, यापेक्षा ती दोरीच बरी होती. मी त्यांचा लुळा हात धरला. पण मादाम वार्नी वर बघत होत्या. डोळ्यांतून धार लागली होती आणि सगळा चेहरा, झटक्याने वाकडी झालेली ती बाजूसुद्धा, उजळून निघाली होती.

“रागावलाय,” त्या म्हणाल्या. “बघ, किती रागावलाय माझ्यावर! मेलेल्या माणसावर कुणी एवढं रागावतं का, वनिता?”